आमची नदी, तिच्या कोंडी आणि त्यांची नावं

पाखाडी

आमच्या गावच्या नदीला नाव नाही. निदान गावात तरी तिला कुणी कधी नावाने ओळखलं नाही. "आई नदीवर गेलीय", "नदीपल्याडचं शेत", "नदीला पाणी चढलंय", एवढ्यावर सगळं भागायचं. संगमेश्वर तालुक्यातलं आमचं गाव. गावाच्या वरच्या सड्याखाली, म्हणजे जांभ्या दगडाच्या कातळपठाराखाली, तिचा उगम, आणि तिथून आठ-नऊ किलोमीटर वाहून ती शास्त्रीला मिळते. शास्त्रीला नाव आहे, तिच्यावर मोठे पूल आहेत, ती समुद्राला मिळते तिथे जयगडचा किल्ला आहे. आमची नदी तिच्यात शिरते तिथे साधी पाटीसुद्धा नाही.

मागच्या महिन्यात एका कामासाठी सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा समोर आला. एक सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर, या मापाचा. साहजिकच मी आधी गाव शोधलं. देऊळ सापडलं, शाळा सापडली, मग नदी. वरच्या अंगाला काळी रेघ, खाली निळी. या नकाशांत कोरडं पात्र काळ्या रेघेने दाखवतात आणि पाणी निळ्या. सगळी मिळून रेघ वीतभर, आणि तिच्यावर एक अक्षर नाही.

वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्या रेघेवर बोट ठेवून मी सड्यावरून खाली यायला लागले आणि माझ्या तोंडून आपोआप नावं यायला लागली. वझर. त्याच्याखाली चुलीचे धोंडे. मग आंब्याची कोंड (कोंड म्हणजे नदीतला खोल डोह), रांजण, म्हशीची कोंड, गौरीची पुळण, साकव. नऊ किलोमीटरच्या नदीचा जेमतेम दीड किलोमीटर आमच्या वापरातला, आणि तेवढ्यात सात नावं! जिला नाव नाही असं मी आयुष्यभर समजत आले, तिच्या अंगावर हातभर अंतराने नाव होतं.

रांजणांबद्दल सांगायलाच हवं. तिथे नदी काळ्या कातळावरून वाहते, आणि कातळात गोल गोल खळगे आहेत. काही वाटीएवढे, काही परातीएवढे, आणि एक तर असा की आठ वर्षांची मी त्यात उभी राहिले की पाणी छातीपर्यंत यायचं. पावसाळ्यात भोवऱ्यात सापडलेला दगड गरागरा फिरत राहतो आणि कातळ कोरत जातो. तो दगड पुष्कळदा आतच असतो. मार्गशीर्षात पाणी निवळलं की मी पालथी पडून, खांद्यापर्यंत हात घालून तो चाचपायची. गुळगुळीत, थंडगार, लाडवासारखा गोल. वर काढायचा, उन्हात धरायचा, वाळताना त्याचा रंग उडालेला पाहायचा आणि परत आत सोडायचा. घरी न्यायचा नाही, असं आम्हा मुलांत ठरलेलं होतं. कुणी ठरवलं ते आठवत नाही.

गौरीच्या पुळणीवरून आमच्या घरच्या गौरी यायच्या. आमच्या खड्याच्या गौरी. भाद्रपदात नदी भरून वाहत असायची, पुळणीचा एक तुकडाच काय तो उघडा. आई आणि काकू तिथून सात खडे वेचायच्या. खडे हातात आले की घरी पोचेपर्यंत बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. पाखाडीच्या ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्या चढताना त्या दोघी गप्प, आणि मी मागून घंटा वाजवत. एरवी त्या दोघी एकत्र आल्या की घर दणाणून जायचं, म्हणून ती शांतता माझ्या चांगली लक्षात राहिलीय. विसर्जनाला तेच खडे परत नदीत. म्हणजे दरवर्षी नदीचा एक अंश आमच्या देवघरात पाहुणा येऊन जायचा. पुण्यात आता मी एका बागेतून खडे आणते. देव समजून घेतो, पण माझंच मन लागत नाही.

आणि "नदी आली!" ही आरोळी. ज्येष्ठात, मृगाच्या दोन-चार सरी झाल्यावर एखाद्या रात्री सड्यावर धो धो कोसळायचं. पहाटे वाडीतून कुणीतरी ओरडायचं, "नदी आली!" जणू परगावी गेलेली कुणी घरी आली. आम्ही तसेच धावायचो. आदल्या संध्याकाळी कोरडे ठणठणीत धोंडे होते तिथे लाल पाणी, त्यावर पाचोळा, काटक्या, फेस, आणि वर्षभराच्या धुळीचा तो वास. आजी काठावर हळदकुंकू वाहायची, नदीची ओटी भरायची.

आता साकवाच्या जागी सिमेंटचा पूल आहे. पूर्वी मे महिन्यात वाडीतले पुरुष एकत्र येऊन पोफळीची खोडं टाकायचे, त्यावर चिवे आडवे बांधायचे. पूल झाला ते बरंच झालं. पावसात गरोदर बाईला साकवावरून नेताना काय व्हायचं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण पुलावरून जाणारा माणूस पाण्यात पाय घालत नाही. नळ आल्यापासून बायका कपडे धुवायला उतरत नाहीत. गुरं कमी झाली. माझ्या भाच्याला मी म्हशीची कोंड कुठे ते विचारलं, तर म्हणाला, "मावशी, कोंड म्हणजे?"

म्हणून हा धागा. तुमच्या लहानपणच्या नदीत, व्हाळात, पऱ्यात, कुठल्या जागांना काय नाव होतं? का होतं? माहीत असेल ते लिहा. मला ती नावं एका ठिकाणी आलेली बघायचीत.

---

माडबन

किती छान लिहिलंयस गं. आमच्या मालवण बाजूक नदी म्हणजे न्हंय आणि ओढो म्हणजे व्हाळ. आमच्या घरामागच्या व्हाळाला "धुवणाचो व्हाळ" म्हणायचे. दगड अजून तसाच आहे, मधोमध खोलगट झालेला. चार पिढ्यांचे कपडे आपटून झालेला तो खोलगा. माझ्या आयेचा हात कुठे टेकायचा ती जागासुद्धा मी दाखवू शकते.

---

खाडीपल्याड

तुमच्या नदीचं पाणी आमच्या दारावरून जातं, तेव्हा लिहिणं भाग आहे. मी फुणगूसच्या खाडीकाठचा. तुमच्याकडे पाणी एकाच दिशेने जातं. आमच्याकडे ते दिवसातून दोनदा परत येतं.

आमच्याकडे जागांची नावं पाण्याच्या वेळेशी बांधलेली आहेत. एका खडकाला आम्ही "अर्ध्या भरतीचा" म्हणतो. तो बुडाला की अर्धी भरती झाली, आता होडी घालायला हरकत नाही. आजोबांकडे घड्याळ नव्हतं, पण तिथी तोंडपाठ असायची. तिथीला पाऊणने गुणायचं, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमाराला. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अजूनही मी असंच काढतो आणि फारसं चुकत नाही. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, म्हणजे चढउतार कमी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण.

शेताच्या बांधाला उघाडी असायची. लाकडी झडप, ओहोटीला आतलं गोडं पाणी आपोआप बाहेर सोडायची आणि भरतीच्या दाबाने बंद व्हायची. खारं पाणी आत येऊ द्यायची नाही. तिची देखभाल गावकी करायची. आमच्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खारवट जमिनीत, एका उघाडीची झडप कुजली, कुणी बदलली नाही, आणि तीन वर्षांत भातशेतीत तिवरं उभी राहिली. तिवरांशी माझं भांडण नाही, मासळीची पिल्लं त्यांच्याच मुळांत वाढतात. पण ज्या शेताला आम्ही "लांबोडा" म्हणायचो ते शेत आणि ते नाव दोन्ही एकदमच गेलं.

---

चढण

पाखाडीताई, तुम्ही "नदी आली" लिहिलंत आणि मला मासे आठवले. नदी आली त्याच रात्री चढणीचे मासे. खालून, खाडीच्या आणि मोठ्या नदीच्या बाजूने मळ्ये, शेंगट, वाम असे वर चढायला लागतात, अंडी घालायला, पऱ्यांतून थेट भाताच्या खाचरापर्यंत. वडिलांबरोबर बत्ती घेऊन मी बांधावर उभा असायचो. वीतभर उंचीच्या धारेवर मासा उडी मारतो, पडतो, पुन्हा मारतो. एक मळ्या मी मोजून अकरा वेळा पडलेला पाहिला. बाराव्यांदा गेला. वडिलांनी त्याला हात लावू दिला नाही.

त्या जागेला आमच्याकडे "उडी" म्हणतात. दोन वर्षांपूर्वी तिथेच सिमेंटचा बंधारा झाला, छातीएवढा उंच. पाणी अडलं, त्याचा उपयोगही होतो, हे मी नाकारत नाही. पण मासा तेवढा उडत नाही. फळ्या काढता येणारा बंधारा असता तर पावसाळ्याआधी त्या काढून वाट मोकळी करता आली असती. दिवाळीनंतर पोत्यांत माती भरून वनराई बंधारा घालतात, तोही पहिल्या पुरात वाहून जातो आणि वाट मोकळी होते. मी बैठकीत हे बोललो. कुणी वाईट बोललं नाही, पण कुणी लिहूनही घेतलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त जिव्हारी लागते. पूर्वी उन्हाळ्यात कोंडीत गेळ्याची फळं ठेचून टाकायचे, मासे गुंगायचे, मोठे तेवढे उचलायचे. आता ब्लीचिंग पावडर टाकतात. त्यात मासा, खेकडा, कोळंबी, बेडकाची पिल्लं, काहीच उरत नाही. ज्या कोंडीचं नाव "वामीची कोंड" तिच्यात गेली सहा वर्षं वाम नाही.

---

रायगडकर

@चढण, महाड तालुक्यात वाळणला एकदा जाऊन या. काळ नदीतली वाळणकोंड, काठावर वरदायिनी. तिथले मासे देवीचे, कुणी मारत नाही. चुरमुरे टाकले की हातभर लांबीचे मासे पायाशी येतात. देवीच्या नावाने एवढी एक कोंड राखली गेली. प्रत्येक नदीत अशी एक राखता आली तर वर-खाली मासे पुन्हा पसरतील, असं मला मनापासून वाटतं.

---

उगवतीची वाडी

लेख आवडला. तरीही एक गोष्ट लिहिणं मला आवश्यक वाटतं. पाखाडी, तुमची यादी सड्यापासून सुरू होते आणि साकवापाशी संपते. साकवाच्या खाली काय होतं?

माझं गाव दुसरं, पण गावाची मांडणी तीच असणार. नदी वरून येते, पहिला पाणवठा वरच्या वाड्यांचा, मग गुरांचा, मग धुण्याचा, आणि त्याच्याही खाली आमचा. सगळ्यांनी वापरून झालेलं पाणी आमच्याकडे यायचं. माझी आजी ते पाणी प्यायला कधीच भरायची नाही. ती काठावरच्या वाळूत हातभर खणायची, तळाला पाणी पाझरून येईपर्यंत बसून राहायची, आणि नारळाच्या करवंटीने कळशीत भरायची. एक कळशी भरायला अर्धा तास. फाल्गुन-चैत्रात त्याहून जास्त. त्या जागेला आम्ही "झिरे" म्हणायचो. वरच्या वाडीतल्या कुणालाही ते नाव माहीत नव्हतं. त्यांना त्याची गरजच पडली नाही.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं, तेव्हा आजीचे वडील तिथे गेले होते असं घरात सांगतात. त्या तळ्याचा कोर्टातला निकाल लागायला १९३७ उजाडलं. आमच्या नदीवरचा निकाल कुठल्या कोर्टात लागला नाही. नळ आला आणि तो प्रश्न मागे पडला. म्हणून नळ आल्याचं मला दुःख नाही.

नावं गोळा करताय, चांगलं काम आहे. झिरे पण लिहून घ्या.

---

पाखाडी

@उगवतीची वाडी, तुमचं लिहिणं काल रात्री वाचलं. लगेच उत्तर देता आलं नाही.

साकवाखाली आम्हाला जाऊ देत नव्हते. "तिकडे खोल आहे" असं सांगायचे. मी ते खरं मानलं, मोठी झाल्यावरही पुन्हा विचारलं नाही. खोल नव्हतं तिथे. पुलावरून दिसतं, गुडघाभर पाणी आहे. खालच्या वाडीला त्या भागाला काय म्हणायचे ते मला ठाऊक नाही, आणि पन्नास वर्षांत मी ते विचारलं नाही ही माझी चूक आहे. झिरे लिहून घेतले. आमच्या नदीचा तो भागही मी विचारून लिहीन.

---

शिवकाठ

चिपळूणहून. आम्ही नदीबद्दल असं हळवं लिहू शकत नाही अजून. २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठी आणि आमची शिवनदी एक झाल्या. २६ जुलै २००५ चा पूरही मी पाहिलाय, पण हा वेगळा होता.

शिवनदी लहान, गावातूनच जाते. वाशिष्ठी तुडुंब असते तेव्हा शिवनदीला तिच्यात शिरता येत नाही, पाणी उलटं फिरतं. खाली दाभोळच्या खाडीत भरती असली तर वाशिष्ठीलाही वाट मिळत नाही. हे आमच्या जुन्या माणसांना माहीत होतं. शिवनदीला मिळणाऱ्या एका वहाळाकाठच्या सखल जागेला ते "पाणथारा" म्हणायचे. पाणी थारा घेतं ती जागा. तिथे घर बांधायचं नाही, नुसतं गवत काढायचं. पुढे भराव पडला, इमारत उभी राहिली, तिला एका फुलाचं नाव दिलं. आम्ही त्याच इमारतीत तळमजल्यावर राहत होतो. घर घेताना ते जुनं नाव कुणी मला सांगितलं असतं, तर मी त्याचा अर्थ विचारला असता.

नावं गोळा करा. सगळीच गोळा करा.

---

जांभाचिरा

नदी का आटते, यावर थोडं. वरचा जांभा सच्छिद्र असतो. चार महिन्यांत तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला पुष्कळसा वाहून जातो, पण सडा बराच पितोही. जांभ्याखाली चिकणमातीचा थर असतो, तिथे पाणी अडतं आणि सड्याच्या कडेला झऱ्यांनी बाहेर येतं. पाखाडीताईंचा वझर म्हणजे बहुधा तोच. पावसाळा संपल्यावर नदी चालते ती या साठलेल्या पाण्यावर.

मग सड्यावर चिरेखाण निघाली, तर पाणी धरणारा जांभाच कापला जातो. रस्त्यासाठी उतार तोडला, तर झरा भलतीकडेच फुटतो किंवा बंद होतो. त्यात बोअरवेल. लोक सड्याला ओसाड म्हणतात. त्याच सड्यांवर उक्षीला, देवीहसोळला कातळशिल्पं कोरलेली आहेत आणि पावसाळ्यात पाय ठेवायला जागा राहणार नाही इतकी फुलं येतात. सड्याला ओसाड म्हणणं थांबवलं तरी पुष्कळ होईल. ज्याला नदी राखायचीय त्याने आधी नदीत न उतरता सड्यावर चढावं.

---

माडबन

@शिवकाठ, पाणथारा हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. वहीत लिहून ठेवला.

---

पाखाडी

काल काकूला फोन केला. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, गावीच असते. खालच्या वाडीतल्या एका आजींशी तिचं बोलणं होतं. साकवाखालच्या भागाला त्या "वाळण" म्हणतात असं कळलं, नदी तिथे वळते म्हणून. मे महिन्यात जाऊन मी त्यांच्याच तोंडून ऐकणार आहे.

मग सहज काकूला म्हटलं, म्हशीची कोंड म्हणजे म्हशी डुंबायच्या तीच ना? तर ती म्हणाली, "कोण म्हणालं तुला? म्हशी खालती डुंबायच्या. अगं, त्या कोंडीत आत बसलेल्या म्हशीसारखा धोंडा आहे, काळा. एरवी पाण्याखाली असतो. वैशाखात त्याची नुसती पाठ दिसायची."

आणि पुढे म्हणाली, "म्हशीची पाठ उघडी पडली की वायंगणाचा, म्हणजे उन्हाळी भाताचा, पाट बंद करायचा. तुझे आजोबा स्वतः जाऊन बघून यायचे. पाठ दिसली की शेताला पाणी नाही. राहिलेलं पाणी माणसांचं आणि गुरांचं, पाऊस येईस्तोवर."

एवढी वर्षं मी ते नाव घेत होते.

यंदा म्हैस कधी दिसली, असं विचारलं. काकू जरा थांबली. मग म्हणाली, शिमग्याच्या आधीच. होळीचं लाकूड आणायला गेलेल्या पोरांनी पाहिली. घरी येऊन सांगत होती, नदीत एक मोठ्ठा काळा दगड निघालाय, त्यावर बसून फोटो काढले म्हणून.